‘नाही’पुढची खूण

टाकवे बुद्रुकच्या कैलास असवल्यांची सृष्टी हॉलंडला निघाली, ही बातमी सृष्टीच्या आधी गावात पोचली. ती तळेगावच्या एका कृषी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजचा हॉलंडमधल्या एका विद्यापीठाशी करार होता. दरवर्षी दोन मुलं फेब्रुवारी ते जून अशा एका सत्रासाठी तिकडे जायची, खर्च शिष्यवृत्तीतून व्हायचा. यंदा निवड झाली ती तळेगावातल्या विहंगची आणि सृष्टीची. सप्टेंबरातल्या त्या संध्याकाळी ती कान्ह्याला लोकलमधून उतरली, तर फाट्यावरचा रिक्षावाला म्हणाला, "काय ताई, इमानात बसनार म्हनं!"

कैलास आंबीजवळच्या एका पॉलिहाऊसमध्ये गुलाब तोडणाऱ्या बायांवर मुकादम होता. तिथली फुलं खोक्यांत भरून परदेशी जायची. आठ दिवस तो भेटेल त्याला एकच सांगत होता, "इतकी वर्सं आपली फुलं जात व्हती तिकडं. आता पोरगी चालली."

मग ईमेलवर चौदा पानांचा फॉर्म आला. सातव्या पानावर प्रश्न होता: तुम्हाला दीर्घकाळ चालणारा काही आजार आहे का? नियमित औषध घेता का? पुढे दोन चौकोन. हो आणि नाही.

सृष्टीला आकडी यायची.

पहिली आकडी नववीत आली, शाळेच्या मैदानावर, सव्वीस जानेवारीच्या कवायतीची तालीम चालू असताना. कुणीतरी नाकाला चप्पल लावली, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. शुद्धीवर आली तेव्हा तिच्या ओठातून रक्त येत होतं आणि भोवती अख्खी शाळा उभी होती. कैलासने गावात सांगितलं, उन्हाची चक्कर आली. जानेवारीत कसलं ऊन, असं कुणी विचारलं नाही. पुढे घोरावाडी स्टेशनजवळच्या डॉ. दीनानाथांकडे तपासण्या झाल्या आणि सकाळी आठ, रात्री आठ अशा गोळ्या सुरू झाल्या. दहावी-बारावीत आणखी तीन वेळा आकडी आली, तिन्ही वेळा घरात. बारावीनंतर मात्र एकदाही नाही. घरात त्या गोळीला ‘रक्ताची गोळी’ म्हणायचं ठरलं होतं. पाहुण्यांसमोरही आई हाक मारायची, "सृष्टे, रक्ताची गोळी घेतली का?"

आईचे म्हणजे माधवीचे नियम होते. विहिरीच्या काठाला जायचं नाही. चुलीपाशी एकटीनं बसायचं नाही. लोकलच्या दारात उभं राहायचं नाही. न्हाणीघराला कडी लावायची नाही, आणि आंघोळ होईपर्यंत आतून बोलत राहायचं. बोलायचं तरी काय, म्हणून सृष्टी झाडांची शास्त्रीय नावं म्हणायची. बाहेर भांडी घासता घासता माधवीचे कान तिकडे असायचे. आवाज जरा थांबला, की "हायेस का?" अशी हाक यायची. आजोळ सोडलं तर सृष्टी एक रात्रही बाहेर राहिली नव्हती.

फॉर्म आला त्या संध्याकाळी तिने लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि सातवं पान वाचून दाखवलं. कैलासने क्षणभरही विचार केला नाही.

"न्हाई लिव्ह."

"पप्पा, गोळ्या तर सोबत न्याव्याच लागणार."

"ने की. रक्ताच्या हायेत म्हनायचं. तीन वर्सं झाली, आलीय का एकदा तरी? बरी झालीस तू. उगं कागदावर आनून ठिवायचं आन हितनं तितपातूर समद्यांला कळायचं. उद्या तुजं लगीन करायचंय मला."

माधवी उठून चुलीपाशी गेली. सृष्टीने ‘नाही’पुढच्या चौकोनात खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला. तिलाही जायचं होतं. ‘हो’ म्हटलं तर आपलं नाव खोडून यादीतल्या तिसऱ्याला पाठवतील, अशी तिची खात्री होती.

पुढचे दोन महिने कागदांत गेले. पासपोर्ट, त्यासाठी पोलिसांची घरी फेरी, जन्माच्या दाखल्यावर मंत्रालयातून शिक्का, व्हिसासाठी फोटो. एकेक कागद हाती आला की विहंग फोनवर खुशीत ओरडायचा. सृष्टी मात्र घाईने फोन ठेवून द्यायची. प्रत्येक कागदाबरोबर ते सातवं पान जास्त जड होत होतं. तिथे खोली एकटीची असणार होती. खोलीला दार, दाराला कुलूप. तिथे आंघोळ करताना बाहेर कोण बसणार? दिवसा ती हॉलंडमधल्या काचघरांचे व्हिडिओ बघायची आणि मग अचानक मनात यायचं, आपण त्या काचेच्या रांगांमध्ये पडलोय आणि आजूबाजूला उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच माहीत नाही की आपल्याला काय झालंय.

ऑक्टोबरअखेर ती डॉक्टरांकडे गेली. पाच महिन्यांच्या गोळ्या न्यायच्या तर सोबत त्यांचं पत्र लागणार होतं. डॉ. दीनानाथ साठीचे, हळू बोलणारे गृहस्थ. पत्र लिहिता लिहिता त्यांनी मान वर न करताच विचारलं, "तिथल्या लोकांना सांगितलंयस ना?"

"हो सर."

"शाब्बास. फार मुलं लपवतात."

पत्र घेऊन ती घोरावाडीच्या फलाटावर येऊन बसली. एक लोकल गेली, दुसरी गेली. तिला उठावंसंच वाटेना. वडिलांच्या सांगण्यावरून फॉर्मवर खोटं लिहिलं होतं, पण हे खोटं तिचं स्वतःचं होतं.

नोव्हेंबरात भात कापून खळ्यावर आलं. घरात माणसं कमी, त्यात कॉलेजच्या परीक्षा. सृष्टी दिवसभर पेपर लिहून यायची, संध्याकाळी झोडणीला हात लावायची आणि पहाटे उठून पुन्हा अभ्यासाला बसायची. एका संध्याकाळी सगळे थकून खळ्यावरच जेवले आणि आठची गोळी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कान्ह्याच्या फलाटावर उभी होती. हातात फोन होता, त्यात आज किती पानं वाचायची राहिलीत ते ती बघत होती. एकाएकी उजवा हात खांद्यापासून उडाला. कुणी तरी हिसडा द्यावा तसा, एकदाच. फोन हातातून सुटला आणि फलाटाच्या कडेवरून रुळांत गेला. समोरून लोकल येत होती. एक काकू ओरडल्या, "अगं, वाकू नकोस!" पण ती वाकलीच नव्हती. ती चार पावलं मागे सरून बाकड्यावर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिला तो हिसडा ओळखीचा होता. बारावीत शेवटची आकडी आली, त्याच्या आधी दोन दिवस असेच हिसडे येत होते.

लोकल निघून गेल्यावर एका हमालाने फोन काढून दिला. काच तडकली होती, पण चालू होता. ती कॉलेजला गेली नाही. रिक्षाने घरी आली, थेट खळ्यावर गेली.

माधवी सुपाने भात वारवत होती. सृष्टीने सगळं सांगितलं. गोळी चुकली ते, हात उडाला ते, आणि डॉक्टरांना ‘हो सर’ म्हटलं तेसुद्धा. माधवीने सूप खाली ठेवलं. बराच वेळ ती पायाने भाताचे दाणे एकत्र करत राहिली.

"फोन पडला म्हनून," ती म्हणाली. "तू पडली असतीस तर?"

"आई, आता नाव कमी करतील माझं."

"करूंदेत."

मग ती उठली, हातपाय धुतले, घडीचं लुगडं नेसली. "चल. तुज्या त्या बाईंकडं."

माधवी सृष्टीच्या कॉलेजात कधीच गेली नव्हती. परदेशी पाठवायच्या मुलांचं काम सुनेत्रा मॅडमकडे होतं. त्या गांगरल्याच, एरवी आयांपैकी कुणी येत नसे. माधवी खुर्चीत न बसता उभ्यानेच बोलली.

"बाई, हिला फिट येती. पाच-सा वर्सं झाली. फारमावर न्हाई म्हून लिव्हलंय. ते आमी लिव्हायला लावलं, पोरीचा दोस न्हाई. पर आता ते खरं करा."

सुनेत्रा मॅडमनी चष्मा काढला.

"सृष्टी, हे तू मला आधीच सांगायला हवं होतंस."

"मॅडम, सांगितलं असतं तर निवडलं असतं मला?"

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. पण आता मला त्यांना कळवावं लागेल, आणि चुकीची माहिती दिली म्हणून त्यांनी नकार दिला तर माझ्या हातात काही नाही. तुला चालेल?"

सृष्टीने मान हलवली. चालत काहीच नव्हतं, पण दुसरा मार्गही नव्हता. मॅडमच्या टेबलाशी बसून दोघींनी मेल लिहिला. माधवी तेव्हा कुठे खुर्चीत टेकली.

त्या संध्याकाळी घरात मोठा आवाज झाला. "घातलं वाटूळं!" कैलास माधवीला म्हणाला. "कालिजात सांगितलंस म्हंजी आता तळेगावात झालं, उद्या टाकव्यात व्हनार. कोन येनार हिच्या दारात?"

"तुमाला गावाची भीती," माधवी म्हणाली. "मला तितल्या न्हाणीघराची. हितं मी तरी हाय बाहेर बसलेली."

कैलास जेवला नाही. सकाळी पॉलिहाऊसवर जाताना डबाही घेतला नाही.

उत्तराची वाट बघण्यात अकरा दिवस गेले. सृष्टी दर अर्ध्या तासाने फोन उघडायची. तडकलेल्या काचेतून अक्षरं तिरकी दिसायची. चौथ्या दिवशी तिथून नुसतं ‘मेल मिळाला’ असं आलं, तर त्या दोन ओळींचा तिने दिवसभर अर्थ लावला. ‘आभारी आहोत’ म्हणजे काय? नाही म्हणण्याआधी आभार मानतात का? दरम्यान डॉ. दीनानाथांना जाऊन खरं सांगणं भाग होतं. तिने मान खाली घालून सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, पण शाब्बासही म्हणाले नाहीत. त्यांनी गोळीचं प्रमाण वाढवलं आणि म्हणाले, "सहा आठवडे बघू. झोप पुरी, गोळी वेळेवर. या सहा आठवड्यांत परत हिसडा आला, तर मी जा म्हणणार नाही. आणि ते मला कळणार तुझ्याकडूनच. घरात मी बसलेलो नाही."

अकराव्या दिवशी मेल आला. तिथल्या विद्यार्थी-आरोग्य विभागातल्या एका बाईंनी लिहिला होता. नाव खोडलेलं नव्हतं. पहिल्याच परिच्छेदात, ही माहिती सुरुवातीलाच द्यायला हवी होती, असं स्पष्ट शब्दांत होतं. त्यानंतर मात्र नुसते प्रश्न होते. आकडी साधारण किती वेळ चालते? कोणती गोळी, किती वजनाची? तळमजल्यावरची खोली हवी का? शॉवरच्या खोलीला बाहेरून उघडता येणारी कडी बसवून दिली तर चालेल का? काचघरातल्या प्रात्यक्षिकाच्या वेळी सोबतच्या दोघांना माहिती दिलेली चालेल का? शेवटी, डॉक्टरांचं ताजं पत्र आल्यावर जागा पक्की होईल, असं होतं.

सृष्टीने तो मेल आईला मराठीत वाचून दाखवला. कडीच्या वाक्याशी माधवीने तिला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. "त्यास्नी कसं कळलं गं, कडीचं?"

आता सगळं त्या सहा आठवड्यांवर होतं. बेचाळीस दिवस. रोज सकाळी सृष्टी चहाचा कप काठोकाठ भरून दोन्ही हातांत धरायची आणि चहा हलतो का ते बघायची. तिचं बघून कैलासही चोरून कपाकडे बघायचा. बोटाला मुंगी चावली तरी ती हात पुढे धरून बघायची. झोप पुरी हवी, या काळजीनेच झोप लागायची नाही.

एकतिसाव्या दिवशी, जेवताना तिच्या हातातून चमचा पडला.

घरात कुणी हललं नाही. "निसटला," कैलास घाईने म्हणाला. "आमटी लागलीया त्याला. निसटनारच." सृष्टीला काहीच ठरवता येत नव्हतं. हात उडाला की बोटं सैल झाली? तिने तो क्षण मनात दहा वेळा फिरवला आणि प्रत्येक वेळी तो वेगळा दिसला. न सांगता राहिलं तर अकराच दिवस उरले होते.

सकाळी ती घोरावाडीला गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुढे करायला लावले, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, आणि मग लोणावळ्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे मेंदूचा आलेख काढायला पाठवलं. डोक्याला वायरी लावून सृष्टी तासभर डोळे मिटून पडली होती. शेजारच्या स्टुलावर कैलास होता. त्या दिवशी त्याने आपणहून रजा टाकली होती. आलेखाचा कागद यंत्रातून सरकत होता आणि तो त्या रेघांकडे असा बघत होता, जसं काही त्यातली एखादी रेघ जास्त उंच गेली तर त्याला हाताने खाली दाबता येणार होती.

आलेख चांगला निघाला. "चमचे माझ्याही हातून पडतात," डॉ. दीनानाथ दुसऱ्या दिवशी म्हणाले. "पण सांगायला आलीस, ते बरं केलंस. आता तुला पाठवायची माझी भीती कमी झाली."

सहा आठवडे सरले, पत्र गेलं, जागा पक्की झाली, व्हिसा आला. पण सृष्टीचं एक काम राहिलं होतं. प्रवासात सोबत फक्त विहंग असणार होता. तिने त्याला कॉलेजच्या रोपवाटिकेत गाठलं आणि पाठ केल्यासारखं सांगून टाकलं. आकडी आली तर कुशीवर वळवायचं. डोक्याखाली काही मऊ ठेवायचं. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर मदतीला बोलवायचं.

विहंगचा चेहरा उतरला. "सृष्टी, मी घाबरेन गं. मला रक्त बघूनसुद्धा चक्कर येते."

"मग मी सीट बदलून मागते."

तो हातातल्या कुंडीतली माती उगाच दाबत राहिला. "नको," तो म्हणाला. "घाबरल्यावरसुद्धा घड्याळ बघता येतं ना? परत सांग. कुशीवर म्हणजे कुठल्या?"

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीने सृष्टीला शाल-श्रीफळ दिलं. दुपारी घरी बायका बघायला आल्या. बॅग उघडी होती. तांदळाचं पीठ, मेतकूट, दोन स्वेटर, आणि वर गोळ्यांच्या पाकिटांची चळत. शेजारच्या शालूबाईंनी एक पाकीट उचललं.

"एवढी कसली गं औषधं?"

माधवी म्हणायला गेली, "रक्ता..." आणि थांबली. सृष्टी दाराकडे बघू लागली. दारात उभ्या कैलासने घसा खाकरला.

"फिटची गोळी हाय," तो म्हणाला. "येती तिला. कवाधरनं."

शालूबाईंनी पाकीट हळूच जागेवर ठेवलं. "आन तरी धाडता?"

"व्हय. तरी धाडतो."

एवढं बोलून तो बाहेर गेला आणि गोठ्यामागे बराच वेळ उभा राहिला. बायका गेल्यावर चर्चा व्हायची ती झालीच. दोन-चार घरांतून पुढे कित्येक दिवस सृष्टीच्या लग्नाची काळजी वाहिली गेली.

अठ्ठावीसला दुपारचं विमान होतं. पॉलिहाऊसवर व्हॅलेंटाइनची तोडणी जोरात होती, मालक रजा द्यायला तयार नव्हता. कैलास रजेविनाच आला. गाडी घाट उतरेपर्यंत माधवी गोळ्यांचा हिशेब परत परत घोकत होती. गोळीची वेळ चार दिवसांपासून अर्धा-अर्धा तास पुढे सरकवली होती, उरलेली तिथे गेल्यावर सरकवायची होती. माधवीने ते वेळापत्रक सृष्टीच्या पर्समध्ये, स्वेटरच्या खिशात आणि विहंगच्या पाकिटात अशा तीन ठिकाणी घातलं होतं. विमानतळाच्या दारात तिने सृष्टीच्या दंडाला धरलं ते सोडवेना. शेवटी सुरक्षारक्षक म्हणाला, "आईसाहेब, मागे लाइन आहे."

पहिले दोन महिने बरे गेले. सृष्टी रोज दोनदा फोन करायची आणि माधवी फोन येण्याआधी पंधरा मिनिटं हातातलं काम सोडून बसायची.

एप्रिलमध्ये आकडी आली. काचघरात, टोमॅटोच्या रांगेत, सकाळी साडेदहाला. विहंग तेव्हा दुसऱ्या गटात होता. सोबत एक पोलंडची मुलगी होती, तिला आधी माहिती दिलेली होती. तिने सृष्टीला कुशीवर वळवलं, स्वतःचं जाकीट डोक्याखाली घातलं आणि घड्याळ लावलं. दोन मिनिटं दहा सेकंद. सृष्टीने डोळे उघडले तेव्हा भोवती गर्दी नव्हती. ती एकटी मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली होती, आणि शुद्ध आली का ते बघायला तिने सृष्टीला तिचंच नाव विचारलं.

त्या दिवशी सृष्टीने काही लपवून ठेवलं नाही, घरी फोन केला. भारतात संध्याकाळ झाली होती. फोन कैलासने उचलला. तिने सांगितलं, आली म्हणून.

"लागलं का कुटं?" त्याने विचारलं.

"जीभ चावली गेली थोडी. बाकी काही नाही."

"डॉक्टरास्नी कळवलंस?"

"हो. हितल्यांना पण, आपल्या सरांना पण."

मागून माधवीचा आवाज येत होता, काय झालं, काय झालं. कैलासने तिला हाताने थांबवलं असावं. मग तो जरा दमून म्हणाला, "परीक्षा कवा हाय?"

"परवा आहे. पण दोन दिवस पुढं ढकलून देते म्हणाल्या इथल्या मॅडम."

"मंग आता झोप," कैलास म्हणाला. "अन् हे घे, आईशी बोल. ती ऐकत न्हाई."